तीन रिपोर्ट निगेटिव्ह, तरी झोप लागत नाही

नवाआयडी_९१ | १९ मार्च, रात्री १.१२

नमस्कार मंडळी. मी इथला जुना वाचक, पण नेहमीच्या आयडीने हे लिहायची हिंमत झाली नाही. व्यवस्थापकांनी डू (डुप्लिकेट) आयडी म्हणून उडवू नये ही विनंती.

वय २८. गाव यावल तालुक्यात, नोकरी सुरतला, कापड मार्केटमधे हिशोबाचं काम. दिवाळीची सुट्टी संपवून परत गेलो तेव्हा, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दोन मित्रांच्या नादाने एका बाईकडे गेलो. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. कंडोम सुरुवातीपासून शेवटपर्यंत होता. फाटला नाही. नंतर नळाखाली पाणी भरून पाहिला, कुठे गळतो का. नाही गळला. सगळं मिळून पाच मिनिटांची गोष्ट.

पण उजव्या अंगठ्याच्या नखाजवळचं सालपट आदल्या दिवशी मी दाताने ओढलं होतं. तिथून काही गेलं असेल का, हा विचार त्या रात्री खोलीवर आल्यावर सुरू झाला तो आजपर्यंत थांबलेला नाही.

प्रायव्हेट लॅबमधे तीन वेळा एचआयव्हीची टेस्ट केली. ३० व्या दिवशी, ४७ व्या दिवशी, ९५ व्या दिवशी. तिन्ही नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. पण रिपोर्टवर एक आकडा असतो. पहिल्यांदा ०.११, मग ०.१९, मग ०.२३. म्हणजे वाढतंय ना? मी एक्सेलमधे आलेख काढला, रेष वरच जाते.

चार किलो वजन कमी झालंय. काखेत गाठ लागते. पाठीवर पुरळ आहे. जिभेवर पांढरा थर आहे, रोज रात्री बाथरूममधे मोबाइलचा टॉर्च लावून बघतो. आई म्हणते सुरतचं पाणी लागलं याला.

जानेवारीत साखरपुडा झाला, लग्न अखाजीनंतर (अक्षय्य तृतीया) आहे. मुलगी रोज फोन करते, मला बोलायला सुचत नाही. चौथी टेस्ट करू का? की लग्न पुढे ढकलू? कृपया चेष्टा करू नका.

---

वांग्याचंभरीत | १९ मार्च, सकाळी ७.०५

चेष्टा नाही करत भो, पण नळाखाली पाणी भरून लिकेज टेस्ट! आमच्या गावची पाण्याची टाकी बांधणाऱ्याने एवढी केली असती तर बरं झालं असतं.

(हलके घे. तुला काही झालेलं नाही.)

---

दोंडाईचा_मिरची | १९ मार्च, सकाळी ७.४०

भाऊ, काबर इतला घाबरी ऱ्हायना? तीन येळा रिपोर्ट चांगला उना ना? मंग जेव अन् जपी जाय.

---

पारोळेकर | १९ मार्च, सकाळी ९.२२

मी स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आई-बाप शेतात राबून पोराला सुरतला पाठवतात आणि पोरं हे धंदे करतात. भीती वाटते ते चांगलंच आहे. वाटलीच पाहिजे.

---

खापराची_पुरणपोळी | १९ मार्च, सकाळी ९.५८

काका, तो पोरगा रात्री एक वाजता लिहितोय. प्रवचन सकाळी केलं नसतं तरी चाललं असतं.

---

लॅबवाला_भाऊ | १९ मार्च, दुपारी २.१५

धागाकर्त्या, मी १४ वर्षं लॅबमधे आहे. तुझ्या एक्सेलच्या आलेखाबद्दल बोलतो, कारण ९५ दिवसांचा स्वच्छ रिपोर्ट हातात असताना तुला खातोय तो हा आकडाच.

तो आकडा म्हणजे तुझ्या अंगातल्या विषाणूंची मोजणी नव्हे. मशीन तुझ्या रक्ताचा सिग्नल घेतं आणि किटने ठरवलेल्या हद्दीने भागतं. १ च्या खाली म्हणजे नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह, विषय संपला. ०.११ आणि ०.२३ मधे काही फरक नाही. एकच नळी मी सकाळी लावली आणि तीच दुपारी लावली तर सकाळी ०.१३ आणि दुपारी ०.२१ येऊ शकतं. किटचा लॉट बदलला तरी बदलतो. माझं स्वतःचं रक्त मी कितीदा लावलंय, एकदाही दोन सारखे आकडे आले नाहीत.

जळगावच्या सराफात सोनं तोलताना बघितलंस ना? काटा काचेच्या पेटीत असतो. पेटी उघडी राहिली आणि वर पंखा चालू असला तर पारड्यात काही नसताना शेवटचा आकडा हलतो. म्हणून काय पारड्यात सोनं आलं? तुझं ०.२३ म्हणजे तो पंख्याचा वारा. खरोखर लागण झालेल्या माणसाचा आकडा असा ०.११, ०.१९ करत बैलगाडीने येत नाही. तीन महिन्यांनंतर तो १ च्या कितीतरी पुढे असतो, पुष्कळदा शंभराच्याही वर.

आम्ही लॅबवाले तो आकडा का छापतो हा प्रश्न मला स्वतःलाही पडतो. सरकारी केंद्रात नुसतं रिअ‍ॅक्टिव्ह किंवा नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह लिहितात, तेच शहाणपणाचं. तुझ्यासारखे आलेख काढणारे मला वर्षाला पाच-सहा तरी भेटतात. एकाने तर ट्रेंडलाइन काढून तो कोणत्या तारखेला १ ला पोचेल तेही सांगितलं होतं.

---

नवाआयडी_९१ | १९ मार्च, दुपारी २.३१

खरं सांगू? ती तारीख मीपण काढलीय. १७ ऑगस्ट.

---

वांग्याचंभरीत | १९ मार्च, दुपारी २.३४

स्वातंत्र्यदिन थोडक्यात हुकला.

---

डॉ_गिरणाकाठ | १९ मार्च, रात्री १०.४०

ओपीडी संपवून लिहितोय, त्यामुळे जरा विस्कळीत होईल.

आधी मूळ घटनेबद्दल. एचआयव्ही पसरायला विषाणू असलेला द्रव, आत शिरायचा रस्ता आणि पुरेसं प्रमाण, तिन्ही लागतं. जोडीदार बाधित असून औषधावर नसेल आणि कंडोम अजिबात नसेल, तरी योनीसंबंधात पुरुषाला लागण होण्याचा अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा अंदाज १०,००० वेळांमागे ४ असा आहे. तुझ्या बाबतीत त्या बाईला लागण होती असं कोणीच म्हणालेलं नाही, आणि कंडोम शाबूत होता. तू तो नळाखाली धरून पाहिलास, इतकी पडताळणी तर कुणीच करत नाही. नखाजवळच्या सालपटातून, चुंबनातून, थुंकीतून, घामातून, चादरीतून हा विषाणू जात नाही. शरीराबाहेर तो फार तगत नाही.

दुसरं, टेस्ट. तू केलेली टेस्ट चौथ्या पिढीची असणार, ती अँटीबॉडीबरोबर विषाणूचा पी२४ नावाचा भागही पकडते. ती सहा आठवड्यांनंतर पक्की मानतात. नुसत्या अँटीबॉडीच्या रॅपिड किटला तीन महिने धरतात. तुझे ९५ दिवस दोन्ही हिशोबांत बसतात. चौथी टेस्ट करायची गरज नाही. एचआयव्हीसाठी लग्न पुढे ढकलायचं कारण नाही.

पुरळ: मार्चमधे आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. शर्ट काढून कुणालाही दाखव, बहुतेक घामोळं निघेल. काखेतली गाठ दिवसातून किती वेळा दाबतोस? दाबून दाबून ती दुखरी होते आणि दुखते म्हणून माणूस पुन्हा दाबतो. जिभेवर पांढरट थर माझ्याही आहे, आत्ता बघून आलो.

एक मात्र कर, आणि ही घाबरवायची गोष्ट नाही. कंडोम झाकतो तेवढ्याच भागाचं रक्षण करतो. सिफिलिस, जननेंद्रियावरचा हर्पिस यांसारखे काही आजार आजूबाजूच्या कातडीतूनही जाऊ शकतात. म्हणून एकदा व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची रक्ततपासणी, करून घे. जिल्हा रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ नावाने गुप्तरोगांची ओपीडी असते, तिथे होते. हिपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर घे, तीन डोस, आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. ती तशीही सगळ्यांनी घ्यावी.

आणि हे तुझ्यासाठी नाही, जे गुपचूप वाचतायत त्यांच्यासाठी: खरोखर धोका झाला असेल, कंडोम फाटला, वापरलाच नाही, जबरदस्ती झाली, सुई टोचली, तर ७२ तासांच्या आत सरकारी दवाखाना गाठा. २८ दिवसांच्या गोळ्यांचा कोर्स असतो, त्याला पेप म्हणतात. जितक्या लवकर तितकं चांगलं. चौथ्या दिवशी येऊन काही उपयोग नाही.

---

अमळनेरकर | १९ मार्च, रात्री ११.०२

डॉक्टर, उत्तम प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

एक शंका: सलूनमधल्या वस्तऱ्याने होतो का? आमच्याकडे अजून एकच ब्लेड मोडून दोघांना वापरतात.

---

डॉ_गिरणाकाठ | १९ मार्च, रात्री ११.१०

नवं ब्लेड मोडून अर्धं-अर्धं दोघांना वापरलं तर काही बिघडत नाही. वापरलेलं ब्लेड मात्र घेऊ नका, आणि ते एचआयव्हीपेक्षा हिपॅटायटिस बीसाठी जास्त. तो त्या मानाने फार चिवट, वाळलेल्या रक्तात आठवडाभर तग धरतो. डासाने होत नाही, हे विचारायच्या आधीच सांगतो.

---

पारोळेकर | २० मार्च, सकाळी ८.१५

माझ्या प्रतिसादावर दोन-तीन व्यनि (खासगी निरोप) आले. बुरसटलेला म्हणा, चालेल. पण मी असं का बोललो ते लिहितो.

१९९० नंतरची दहा-बारा वर्षं मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात काढली, धुळ्याला. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते तिथे मिळतात, रात्रभर गाड्या. देशात १९८६ साली चेन्नईला पहिल्या केसेस सापडल्या. आमच्या ढाब्यांवर तो शब्द यायला आणखी काही वर्षं गेली, आणि आला तो एकदम माणसंच घेऊन जायला लागला. चांगले धिप्पाड ड्रायव्हर. आधी जुलाब, मग टीबी, मग खाटेवर नुसता सांगाडा. तेव्हा औषध नव्हतं, म्हणजे असेल कुठेतरी, आमच्यापर्यंत नव्हतं. फुकट गोळ्या २००४ मधे सुरू झाल्या, त्याही मोठ्या शहरांत. एका ड्रायव्हरला त्याच्या घरच्यांनी गोठ्यात ठेवला होता. मी पगाराचे पैसे द्यायला गेलो तर त्याच्या बायकोने हात न लावता पदर पुढे केला. मी पैसे वरून टाकले. मीपण हात लावला नाही. ते अजून आठवतं.

त्यामुळे हा विषय निघाला की मला आधी तो गोठा दिसतो. पोरा, तुला बोललो ते जरा जास्तच झालं.

---

नवाआयडी_९१ | २० मार्च, सकाळी ८.५०

काका, राग नाही. तुम्ही बोललात ते मी स्वतःला रोजच बोलतो.

---

भुसावळ_पॅसेंजर | २० मार्च, दुपारी १२.३०

आता माझं ऐक. मी हे कुठेच लिहिलेलं नाही.

२०११ ची गोष्ट. मी तर कुणाकडे गेलोही नव्हतो. रेल्वेच्या बाकावर बसलो, उठलो तर पँटीला लाल डाग. रक्त की पानाची पिचकारी, देव जाणे. घरी येऊन मांडी तपासली, एक ओरखडा सापडला. झालं. पुढच्या दोन वर्षांत ११ टेस्ट केल्या. भुसावळात दोनदा, मग तिथल्या माणसाने ओळखलं असं वाटलं म्हणून जळगावला, मग नाशिकला, एकदा तर पुण्याला लग्नाला गेलो आणि हळदीतून निघून टेस्ट करून आलो. निगेटिव्ह आला की दोन दिवस स्वर्ग. तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना मनात यायचं, नळीवर नाव दुसऱ्याचं लागलं असेल तर? बायकोच्या जवळ जाणं बंद. तिला वाटलं माझं बाहेर काहीतरी आहे. बाहेर काही नव्हतं, हेच तर दुःख!

शेवटी एका मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रिपोर्टच्या फाइलला हातही लावला नाही. विचारलं, “एचआयव्हीच्या आधी कशाची भीती होती?” मी म्हणालो, कशाचीच नाही. ते गप्प बसून राहिले. मग मला आठवलं, त्याआधी रेबीज होता. कुत्र्याचं पिल्लू पाय चाटून गेलं तर पाच इंजेक्शनं घेतली होती. त्याच्याआधी गॅसचं बटण. त्याच्याआधी बारावीत, उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक बरोबर लिहिला का म्हणून निकालापर्यंत झोप नव्हती.

त्याला ओसीडी म्हणतात असं तेव्हा कळलं, तीच भीती आणि तीच तपासणी पुन्हा पुन्हा करायला लावणारा मनाचा आजार. गोळ्या घेतल्या वर्षभर, आणि एक विचित्र अभ्यास असायचा, तपासावंसं वाटलं की तपासायचं नाही. आधी दहा मिनिटं थांबायचं, मग अर्धा तास, मग आजचा दिवस. हातपाय कापायचे पहिल्या आठवड्यात. सिगरेट सोडणाऱ्याचं होतं ना, तसंच. टेस्ट ही माझी सिगरेट होती.

तुझं तसंच आहे असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. पण १७ ऑगस्ट वाचून मला माझी फाइल आठवली.

---

नवाआयडी_९१ | २० मार्च, दुपारी १२.५५

पॅसेंजर दादा, बारावीचं वाचून अंगावर काटा आला. मी बोर्डाच्या पेपरानंतर सेंटरवर परत गेलो होतो. शिपायाला म्हणालो, मला फक्त पहिलं पान बघू द्या. त्याने हाकललं. हे मी विसरूनच गेलो होतो.

---

सातपुडा_सावली | २० मार्च, रात्री ९.४५

मी कधी लिहीत नाही, वाचते. हा धागा दोन दिवस वाचतेय.

मी पॉझिटिव्ह आहे. २००८ साली गरोदरपणाच्या तपासणीत कळलं. नवरा टँकरवर होता, २०१० ला गेला. बाळंतपणाच्या वेळी मला एक गोळी आणि बाळाला थेंब दिले होते. अठरा महिन्यांचा झाल्यावर त्याची शेवटची टेस्ट झाली, निगेटिव्ह. आता कॉलेजात आहे, माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे आणि कळण्याची भाकरी नको म्हणतो.

मी रोज रात्री नऊला एक गोळी घेते, तीन औषधं एकातच असतात. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, कित्येक वर्षं अनडिटेक्टेबल आहे, टेस्टमधे दिसत नाही इतकं कमी. डॉक्टरांना विचारा, तो असा सहा महिन्यांच्या वर टिकला आणि गोळी चुकली नाही तर संबंधातूनसुद्धा दुसऱ्याला होत नाही. मी कांदे निंदायला जाते, भिशी चालवते, गेल्या कानबाईच्या सणाला रोट मीच भाजले. जाऊबाई माझा कप वेगळा ठेवायची. पाच वर्षं ठेवला, मग एकदा तिचाच कप फुटला आणि ती माझ्यातून प्यायली. दोघी हसलो. त्यावर बोललो मात्र नाही कधी.

तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही, बाळा. पण इथे सगळे तुला सांगतायत की तुला झालेलं नाही, झालेलं नाही. ते खरंच आहे. फक्त तुम्ही ज्याला इतकं भिता, ते मी आहे. मी इथेच बसलेय, भांडी घासून झाली आणि आता मोबाइल बघतेय.

---

खापराची_पुरणपोळी | २० मार्च, रात्री ९.५८

ताई 🙏

---

पारोळेकर | २० मार्च, रात्री १०.२०

बहिणी, नमस्कार.

---

दोंडाईचा_मिरची | २० मार्च, रात्री १०.३१

आक्का, रोट खावाले कानबाईले आम्ही ईसूत.

---

अमळनेरकर | २१ मार्च, सकाळी १०.०५

विषय थोडा वळवतो. होणाऱ्या बायकोला सांगावं की नाही? माझं मत, सांगावं. संसाराची सुरुवात खोटेपणाने नको.

---

वांग्याचंभरीत | २१ मार्च, सकाळी १०.२०

सांगून काय मिळणार? मुलीकडचे लग्न मोडतील, तालुकाभर बोभाटा. आपल्याकडे साखरपुडा मोडला की दहा गावांत कारण पोचतं, आणि पोचेपर्यंत त्याचं काय व्हायचं ते होतं.

---

खापराची_पुरणपोळी | २१ मार्च, सकाळी ११.१४

दोघांनाही अर्धं अनुमोदन. मी बायकोच्या बाजूने लिहिते, कारण ती बाजू इथे कुणी लिहिलेली नाही.

माझ्या नवऱ्याने मला लग्नानंतर तीन महिन्यांनी सांगितलं होतं, अशीच एक जुनी गोष्ट. सांगितलं म्हणजे काय, रडला रात्रभर. मी त्याला पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला, तो हलका होऊन झोपला. मग मी जागी. पुढे वर्षभर मीच जागी होते. त्याने सांगितलं ते माझ्यासाठी नव्हतंच, ते ओझं त्याला ठेवायला जागा हवी होती.

तेव्हा धागाकर्त्या, सांगायचं तर आधी स्वतः शांत हो, मग सांग. भीतीच्या भरात, रात्री एकला, फोनवर नाही. आणि तिने काही विचारलं तर खोटं बोलू नकोस. एवढं तरी तिला देणं लागतोस.

जाता जाता, लग्नाआधी दोघांनीही रक्त तपासावं असं माझं मत. ३६ गुण जुळतात का ते बघायला गावच्या गुरुजींकडे दोन तास बसतो आपण.

---

लॅबवाला_भाऊ | २१ मार्च, दुपारी १.००

चांगली कल्पना, पण एक लक्षात ठेवा. सक्ती करता येत नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. माणसाची संमती घेतल्याशिवाय टेस्ट नाही, आणि त्याच्या संमतीशिवाय रिपोर्ट दुसऱ्याला सांगायचा नाही, सासऱ्यालाही नाही.

सरकारी दवाखान्यात जे केंद्र असतं, आयसीटीसी, तिथे फुकट होते. आधी समुपदेशक बसवून बोलतो, मग हातातून रक्त घेतात, मग पुन्हा समुपदेशकाकडेच रिपोर्ट मिळतो, बाहेर नाव पुकारून नाही. रिअ‍ॅक्टिव्ह आला तर वेगवेगळ्या तीन किटवर खात्री केल्याशिवाय पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. फोनवर विचारायचं तर १०९७, टोल फ्री.

सगळीकडे असं गोड असतंच असं नाही, तेही सांगतो. मी पूर्वी जिथे होतो त्या एका लॅबमधे काउंटरवरचा मुलगा “एचआयव्हीवाले कोण?” असं ओरडला होता. त्या दिवशी बाकावरचे चौघेही उठले नाहीत. एकाचाही रिपोर्ट गेला नाही. संध्याकाळी मी एकेकाला फोन करून बोलावले.

---

भुसावळ_पॅसेंजर | २१ मार्च, दुपारी १.२२

त्या चौघांत मी नव्हतो ना? 😄

---

वांग्याचंभरीत | २१ मार्च, दुपारी १.३०

अवांतर: धागाकर्ता यावल तालुक्यातला म्हणजे आपलाच शेजारी. बामणोदची वांगी, पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेली, वर कच्चं तेल आणि कांद्याची पात. या हिवाळ्यात खाल्लं की नाही भरीत? चार किलो कमी झालेत ते आधी त्याने भर.

---

नवाआयडी_९१ | २१ मार्च, दुपारी १.४१

जानेवारीत शेतात भरीत पार्टी होती, साखरपुड्याचीच. मी खाल्लं नाही. सगळे एकाच टोपल्यातून पुऱ्या उचलत होते, माझ्या अंगठ्याचं सालपट परत निघालं होतं, मला वाटलं माझ्यामुळे कुणाला व्हायला नको. आईने ताट आणून दिलं ते मी गुपचूप गाईपुढे ठेवलं.

---

डॉ_गिरणाकाठ | २१ मार्च, रात्री ११.२५

हे वाचलं आणि आधीच्या माझ्या प्रतिसादात एक चूक झाली असं वाटलं. मी तुला आकडे दिले. आकडे तुझ्याकडे आधीच भरपूर आहेत. माझे १०,००० मागे ४ तू आत्तापर्यंत कुठल्यातरी रकान्यात टाकले असशील आणि ते चार कोण याचा विचार करत असशील.

मी समोर तपासलेलं नाही, त्यामुळे निदान लिहीत नाही. पण निगेटिव्ह रिपोर्टने जी भीती दोन दिवसांच्या वर शमत नाही, तिचं औषध पाचव्या रिपोर्टमधे नसतं. सिव्हिलला मानसोपचार ओपीडी असते, जा. लाज वाटत असेल तर आधी टेलि-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन कर, १४४१६, मराठीत बोलतात. आणि अपराधी वाटणं वेगळं, आजारी असणं वेगळं. अपराधी वाटत असेल तर त्याचं काय करायचं ते तू, तुझं मन आणि पुढे तुझी बायको बघून घ्याल. त्यासाठी रक्त काढून उपयोग नाही.

---

नवाआयडी_९१ | ४ एप्रिल, रात्री ८.५०

धागा वर काढतोय, क्षमस्व. सुट्टी टाकून गावी आलो, काल सिव्हिलला जाऊन आलो.

सुरक्षा क्लिनिकमधे व्हीडीआरएल केली, नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. कागदावर आकडा नव्हता, मी मागची बाजूपण पाहिली. समुपदेशक मॅडमना म्हणालो, एचआयव्हीचीपण करून टाका. त्यांनी माझे जुने तीन रिपोर्ट बघितले आणि विचारलं, “करते, पण ही निगेटिव्ह आली तर तुम्ही काय कराल?” मला उत्तर आलं नाही. नाही केली.

मग मानसोपचारला गेलो. माझा नंबर ६४ होता, अडीच तास बसलो. शेजारी एक आजोबा होते, त्यांना घराचं कुलूप लागलं का याची भीती. त्यांनी मला किल्ली दाखवली, मी त्यांना अंगठा दाखवला. दोघंही म्हणालो, काही नाहीये की हो.

गोळी सुरू झालीय. दोन-तीन आठवड्यांनी फरक कळेल म्हणाले. एक्सेलची फाइल अजून उडवलेली नाही, पण उघडली नाही आठ दिवस. पाठीवरचं घामोळंच निघालं. लग्नाची तारीख तीच आहे. तिला अजून काही सांगितलेलं नाही, पण फोन उचलतोय.

सावली ताई, तुमचा प्रतिसाद मी रोज वाचतो.

---

सातपुडा_सावली | ४ एप्रिल, रात्री ९.१०

आईला ताट मागून घे आणि तिच्यासमोर जेव.

---

वांग्याचंभरीत | ४ एप्रिल, रात्री ९.१५

वांग्यांचा सीझन गेला पण. आता पुढच्या हिवाळ्यात जोडीने या.

---

शेवभाजी_००७ | ११ एप्रिल, रात्री १२.४८

सर्वांना नमस्कार, मीही नवीनच आयडी आहे. माझीपण अशीच केस आहे, फक्त चुंबन आणि मसाज झाला, सहा आठवडे झालेत, टेस्ट निगेटिव्ह. पण जिभेच्या कडेला दोन पांढरे ठिपके आहेत. फोटो टाकू का?

---

नवाआयडी_९१ | ११ एप्रिल, रात्री १२.५३

फोटो नको भाऊ. टॉर्च बंद कर आणि बाथरूममधून बाहेर ये. मीपण आत्ता तिथूनच आलो.